मुलीच्या शिक्षणाची बचत आणि व्याजाचा प्रश्न

मुलीच्या नावे सुकन्या समृद्धीचे खाते काढावे काय, हा प्रश्न अकलूजमध्ये जुम्याच्या नमाजनंतर वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात लोभ नसतो. मुलगी शिकावी, एवढीच त्याची नियत असते. म्हणून ‘व्याज हराम आहे’ इतकेच सांगून त्याला परत पाठवणे मला अपुरे वाटते.

2015 साली सुरू झालेल्या या योजनेत दहा वर्षांखालील मुलीच्या नावे वर्षाला किमान 250 रुपये आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. करसवलत म्हणजे शासनाने स्वतःच्या मागणीतून सोडलेला हिस्सा. ती घेण्यात रिबाचा अंश नाही. मुदलावर ठरल्या दराने मिळणारी वाढ मात्र निराळी. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी 1989 साली सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील परतावा वैध मानला होता, हे खरे. परंतु जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1985 सालीच बँकेच्या व्याजाला रिबा ठरवले होते, आणि मला तेच पटते. सूरह बकराच्या 279व्या आयतीने मुद्दल तेवढे आपले मानले आहे. नियत चांगली असली, तरी तिने कराराचे स्वरूप बदलत नाही.

खरी अडचण यापुढे सुरू होते. व्याज नको म्हणून खाते टाळणारे घर त्याऐवजी काय करते? पुष्कळदा काहीच नाही. दहावीनंतर फीचा आकडा समोर येतो आणि मुलीचे शिक्षण थांबते. तिच्या लग्नासाठी मात्र कर्ज काढले जाते, तेही कधी व्याजाने! अशा घराने हरामपासून स्वतःला वाचवले असे कसे म्हणावे?

उसाचे बिल आले, की घराच्या रंगरंगोटीआधी मुलीचा हिस्सा बाजूला काढता येतो. तो व्याज न देणाऱ्या चालू खात्यात ठेवावा किंवा त्याचे थोडे थोडे सोने घ्यावे. शरीयतच्या निकषांवर चालणारा टाटा एथिकल फंडही आहे. त्यात तोटा संभवतो, पण त्यामुळेच तो व्यापाराच्या जवळ जातो. जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या शाळा-महाविद्यालयाच्या शिक्षणशुल्कावर वजावट मिळते. ती निःशंक घ्यावी.

सोने मुलीच्या मालकीचे केले, तर ती वयात येईपर्यंत हनफी मतानुसार त्यावर जकात नाही. कोकणातील शाफई बांधवांकडे ती पालकाने मुलीच्या मालातून द्यायची असते. दुकान अडचणीत आले, तरी बापाने त्या सोन्याला हात लावू नये.