मानधन की मजुरी?

अमेरिकेतल्या विद्यापीठांत बँड म्हणजे मोठं प्रस्थ. फुटबॉलच्या मॅचला शेकडो पोरं गणवेशात मैदानावर वाजवत फिरतात. टाळ्या त्यांना. पण ढोल ट्रकात कोण चढवतं? गणवेश मोजून कोण देतं, परत कोण घेतं? पुष्कळदा एखादा विद्यार्थी-सहाय्यक. त्याला सत्रामागं ठरीव रक्कम मिळते. तिला म्हणतात स्टायपेंड. आपल्या भाषेत मानधन.

समजा, अशा एका पोरानं हिशेब मांडला. हातात आले हजार डॉलर, काम झालं दोनशे तास. म्हणजे तासाला पाच. तिथलं केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला सव्वासात डॉलर. साडेचारशे डॉलर बुडाले. पोरानं दावा लावला. विद्यापीठ म्हणालं, हे घे पैसे, कर सही, मिटव. आमची चूक झाली असं मात्र लिहिणार नाही आणि तूही कुठं बोलायचं नाही.

सही करावी का? प्रश्न एवढाच आहे. पण एवढासा नाही.

तिथल्या मजूर खात्याचा नियम असा की, शिक्षणाचा भाग म्हणून बँडमध्ये वाजवणं ही नोकरी नव्हे. ठीक. वाजवणं शिक्षण असेल. पण ट्रक भरणं हे कुणाचं शिक्षण? काम कुणाच्या फायद्याचं, हे विचारलं की मानधनाचा बुरखा गळून पडतो.

ब्रुकलिनमधल्या एका बँकेच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची गोष्ट बघा. जादा कामाची थकबाकी बँकेनं उशिरा दिली आणि आता काही मागणं उरलं नाही, अशी सही घेतली. कायदा 1938 चा. त्याप्रमाणं थकबाकीइतकीच रक्कम भरपाई म्हणून वर मिळायची होती. 1945 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, त्या सहीनं हा हक्क मरत नाही. अडलेला माणूस सही करणारच. एकेकाची सही घेत गेलं तर सगळ्यांसाठी केलेला कायदा विरघळून जाईल.

मित्रांनो, हे आपल्याला परकं आहे का? हलगीवाल्याला बिदागी. अंगणवाडीच्या बाईला मानधन. बलुत्याला तर हक्क म्हणायचे, अन् राबणाऱ्याचे तास कुणी मोजले नाहीत. नाव जेवढं गोड, तेवढी मजुरी कमी. म्हणून तर बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली किमान वेतनाचं बिल मांडलं. 1948 ला कायदा झाला. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही वेठबिगारी. पाठीवर चाबूक नसला तरी पोटातली भूक ही जबरदस्तीच.

तर माझं उत्तर सांगतो. पैसे घ्यावेत. ते त्याचेच आहेत. तत्त्वासाठी पैसे लाथाडा असं सांगणाऱ्याचं पोट बहुधा भरलेलं असतं. पण कागदावर तीन गोष्टी असाव्यात: किती तास, काय दर आणि 'मजुरी' हा शब्द. साडेचारशे डॉलरची पावती द्यावी, तोंड विकू नये. कारण पुढच्या वर्षी तोच ढोल दुसरा पोरगा उचलणार आहे. गप्प बसण्याची किंमत त्याच्या मजुरीतून जाते. ती विकायचा हक्क ह्याला कुणी दिला?

आणि अडल्यापायी केलीच सही, तर त्याला गद्दार म्हणू नका. भुकेचा भाव ज्यानं लावला, त्याला विचारा. आपण एक करायचं. राबणाऱ्या प्रत्येक पोराच्या खिशात एक वही ठेवायची. आज किती वाजता आलो, किती वाजता सुटलो. मानधनाला तास नसतात. मजुरीला असतात.