मनूचा मासा आणि काचेतलं पाणी

शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यातून एक लहानसा मासा त्याच्या हाती येतो आणि आपल्याला सांभाळायला सांगतो. मोठे मासे लहानांना गिळतात, म्हणून आधी त्याला घड्यात ठेवायचं, वाढला की खड्ड्यात आणि त्याहून वाढला की समुद्रात नेऊन सोडायचं. पुढचा प्रलय आणि माशाच्या शिंगाला बांधलेली नाव सगळ्यांच्या लक्षात राहते. सांभाळण्याचा हा आधीचा भाग मात्र मागे पडतो. त्यात किती पाणी हवं आणि ते कधी बदलायचं, हे मासा ठरवतो. मनू फक्त ऐकतो.

पेण-रोह्यातल्या एखाद्या घरातल्या काचेच्या टाकीत हे उलटं झालेलं असतं. तिथला मासा काही सांगू शकत नाही. चाचणीची पट्टी पाण्याचा पीएच ८ दाखवते, निऑन टेट्राला साडेसहा मानवतो असं कुठेतरी वाचलेलं असतं, आणि कोणी लिंबू पिळतं, कोणी व्हिनेगर ओततं, कोणी दुकानातून आम्लाची बाटली आणतं. प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो आणि तो आहेही. पण त्याच्या पोटात एक जुना धर्मप्रश्न आहे. ज्या जिवाला त्या चार काचांबाहेर जगच नाही, त्याचं अख्खं जग बदलायचा अधिकार कुणाला आणि कोणत्या अटीवर?

अटी आधी पाण्यानंच घातलेल्या आहेत. पीएचची मोजपट्टी दसपटीची असते. आठावरून सातावर येणं म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट होणं. माणसाला एका अंकाचा वाटणारा फरक माशाच्या कल्ल्यांना आणि रक्तातल्या क्षारांच्या तोलाला फार मोठा असतो. त्यातून पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटं, म्हणजे छंदी लोक जिला ‘केएच’ म्हणतात ती कार्बोनेट कठीणता, ओतलेलं आम्ल शोषून घेतात. पीएच थोडा उतरतो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सकाळपर्यंत आकडा पुन्हा वर चढतो. मग माणूस चिडून आणखी आम्ल ओततो. हा खेळ केएच संपेपर्यंत चालतो आणि ते संपलं की पीएच एकदम कोसळतो. मासे बहुधा या हेलकाव्यानं दगावतात. स्थिर राहिलेला साडेसात कितीतरी माशांना सहज चालला असता.

सुरक्षित वाट संथ आहे. पहिल्यांदा केएच मोजायचं. मग टाकीत पाहायचं, कारण अलिबाग-किहीमच्या किनाऱ्यावरून हौसेनं आणलेले शंख-शिंपले किंवा संगमरवराचे तुकडे तिथे पडलेले असतील, तर तेच हळूहळू विरघळून पीएच वर ढकलत असतात. ते काढले की निम्मं काम कधी कधी आपोआप होतं. त्यानंतर नेहमीच्या पाणीबदलात थोडं थोडं आरओचं पाणी मिसळायचं, तेही बादलीत आधी एकजीव करून आणि टाकीच्या तापमानाला आणून. ड्रिफ्टवूड, पीट किंवा देशी बदामाची वाळलेली पानं टाकली की त्यांतली टॅनिनं पाण्याला चहाचा रंग देतात आणि, केएच कमी असेल तर, पीएचही सावकाश उतरवतात. दिवसाला ०.२ ते ०.३ यापेक्षा जास्त बदल नको. पावसाचं पाणी कोकणात मुबलक आणि मऊ असतं. पण त्यात केएच जवळजवळ नसतं, आणि पहिल्या सरी तर छपरावरची सगळी घाण घेऊन येतात. नुसत्या पावसाच्या पाण्यावर टाकी चालवली तर पीएच कधी ढासळेल ते कळतही नाही. सहाच्या खाली तो गेला की माशांनी बाहेर टाकलेला अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात.

हा बदल करायचा अधिकार कोणत्या अटीवर, याचं एक उत्तर इथल्याच मातीतलं आहे. विनोबा भाव्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. १९५१ मध्ये भूदान मागत ते पायी निघाले, तेव्हा त्यांच्या मागणीमागची भूमिका अशी होती की जमीन ईश्वराची आहे आणि माणूस तिचा विश्वस्त. जमिनीसाठी मांडलेला हा विचार वीस लिटर पाण्यालाही लावता येतो. विश्वस्ताला एकच विचारायचं असतं: हा बदल कुणासाठी? टेट्रासाठी, की पुस्तकातला आकडा पट्टीवर पाहण्याच्या समाधानासाठी? बाजारात मिळणारे बहुतेक टेट्रा आज शेततळ्यांत आणि टाक्यांतच जन्मलेले असतात आणि नळाच्या पाण्याशी जुळवून घेतात. नदीतून पकडून आणलेले मासे पाळायचे असतील किंवा डिस्कस माशाची वीण घ्यायची असेल तर पाणी बदलणं समर्थनीय ठरतं. बाकी वेळा आपल्याकडच्या पाण्याला मानवणारा मासा निवडणं जास्त न्याय्य. जड पाण्यात गप्पी आणि मॉली आनंदानं राहतात.

पेणच्या खारेपाटात हा विवेक पूर्वीपासून आहे. भातखाचरांजवळच्या तळ्यांत तिथे जिताडा पाळला जातो. त्याची पिल्लं खाडीतून येतात आणि खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत तगतात. त्याच्यासाठी तळ्याचं पाणी घडवत बसावं लागत नाही, कारण माशाची निवडच पाणी पाहून झालेली असते.

यावर रास्त आक्षेप निघेल. जिताडा शेवटी ताटातच येतो. ज्या भागात मासा रोजचं अन्न आहे, तिथे एका टेट्राच्या पीएचची एवढी चिंता कशाला? उत्तराची एक वाट रोह्यातून जाते. १९२० मध्ये तिथे जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या स्वाध्याय परिवारानं मच्छीमारांच्या सामाईक नावा उभ्या केल्या आणि त्यांना ‘मत्स्यगंधा’ म्हटलं. मच्छीमार आळीपाळीनं येऊन त्यांवर भक्ती म्हणून काम करतात आणि मिळकत देवाची मानून गरजूंना देतात. मासे धरणारी नावच देऊळ ठरते. म्हणजे माशाशी माणसाचं नातं मारणं आणि न मारणं एवढ्यातच संपत नाही. ते कसं निभावलं जातं, हेही धर्मात येतं. धरणाऱ्याचं माशाशी नातं काही क्षणांचं आणि त्यालाही मर्यादा आहेत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मोसम सुरू होतो. पाळणाऱ्याचं नातं रोजचं आणि वर्षानुवर्षांचं. त्यानं माशाची पळून जायची वाट स्वतः बंद केलेली असते. म्हणून पाळणाऱ्याचं देणं धरणाऱ्यापेक्षा मोठं आहे.

हे देणं टाकीबाहेरही जातं. पेण, हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून घरोघर जाणाऱ्या गणपतींपैकी प्लास्टरची मूर्ती घरीच विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेली ही पद्धत चांगली आहे. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. माशांना मात्र तेच विष. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, ८ ला हा वाटा सुमारे ५ टक्के होतो. टाकीत अमोनिया साचलेला असताना आम्लानं उतरवलेला पीएच रात्रीत परत चढला की मासे याच कारणानं मरतात. आणि देवाला निरोप दिलेली बादली श्रद्धेनं तळ्यात रिकामी करणाऱ्याच्या हातून तेच घडू शकतं.

शेवटी मनूनं मासा समुद्रात सोडला, म्हणून टाकीत न मावणारा सकर मासा कुंडलिकेत किंवा भोगावतीत सोडणं हे जीवदान वाटतं. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत तो असाच पोचला आणि तिथल्या माशांची जागा व्यापत गेला. मनूच्या माशाला समुद्र हे त्याचं घर होतं, सकरला कुंडलिका नाही. तो दुकानदाराकडे परत द्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या माणसाकडे. टाकी विकत घेतानाच हे ठरलेलं असावं.