डोगराईचे मोल

अमृतसरहून लाहोरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इच्छोगिल कालव्याच्या काठी डोगराई हे पाकिस्तानातील गाव आहे. १९६५ च्या युद्धात आपल्या तिसऱ्या जाट पलटणीने तेथे दोनदा धडक मारली. ६ सप्टेंबरला ती कालव्यापर्यंत पोहोचली. परंतु पाठीमागून कुमक न आल्याने तिला माघार घ्यावी लागली. पुढच्या पंधरवड्यात पाकिस्तानी सैन्याने गावाभोवती सुरुंग पेरले, पक्के मोर्चे बांधले. २१ सप्टेंबरच्या रात्री लेफ्टनंट कर्नल डेस्मंड हेड यांच्या नेतृत्वाखाली त्याच पलटणीने पुन्हा चढाई केली. गल्लीबोळांतून संगिनींनी हातघाईची लढाई झाली आणि गाव पडले.

२३ च्या पहाटे शस्त्रसंधी झाली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारान्वये दोन्ही सैन्ये ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतली. डोगराईही परत गेले.

मग तेथे सांडलेले रक्त वाया गेले काय?

'वाया गेले' असे म्हणणारा नकळत एक हिशेब मान्य करतो: गाव आपल्याकडे राहिले असते, तर त्या रक्ताची किंमत वसूल झाली असती. परंतु किती एकर जमीन म्हणजे एक मनुष्य, हे कोण ठरविणार? सैनिक कर्तव्याला जागला, सोबत्याला सोडून पळाला नाही, हे त्याचे मोठेपण कोणताही करार हिरावून घेऊ शकत नाही. गाव राखताना पडलेल्या पाकिस्तानी शिपायालाही हेच लागू आहे.

मात्र सैनिकाच्या मोठेपणाने आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी फिटत नाही. सुरक्षा परिषदेने २० सप्टेंबरलाच युद्ध थांबविण्यास फर्माविले होते, चढाई त्यानंतरची. कोणी म्हणेल, पाकिस्तानने तोवर होकार दिला नव्हता, आणि वाटाघाटीत हाती असलेल्या भूमीला वजन असते. हे खरेच आहे. पण तागडीत भूमी पडते तेव्हा तिच्यासाठी पडलेली माणसेही तीत असतात. हे वजन टाकणे अपरिहार्य होते काय, हे सैनिक विचारू शकत नाही. आज्ञापालन हाच त्याचा धर्म. म्हणून तो प्रश्न विचारणे हे आपणा नागरिकांचे कर्तव्य ठरते. शौर्यपदके वाटून, स्मारकावर फुले वाहून आपण त्यातून मोकळे होत नाही. हा प्रश्न विचारल्याने हुतात्म्यांचा अवमान होतो, असे मानण्याचे कारण नाही. उलट, त्यांच्या प्राणांचे मोल आपण जाणतो, याची ती खूण आहे.