जत्रेतील नजर

अमेरिकेतील काउंटी फेअर म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याची जत्रा. तिच्या मुळाशी पाहण्याचीच हौस आहे. १८०७ साली एल्काना वॉटसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावी मेरिनो जातीची दोन मेंढरे लोकांपुढे ठेवली आणि बघ्यांची गर्दी लोटली. पुढे गुरांच्या, भोपळ्यांच्या, मुरंब्यांच्या स्पर्धा आल्या. तंबूंत तिकीट लावून ठेंगण्या, महाकाय, व्यंग असलेल्या माणसांचेही प्रदर्शन मांडले गेले. मेंढरावरून नजर माणसावर आली ती तशीच, लोकर जोखणारी!

ते तंबू विसाव्या शतकात बहुतेक उठले. बाकावर बसून येणारे-जाणारे न्याहाळणे मात्र आजही जत्रेतला अर्धा आनंद. त्यास पाप म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. बाकावरचा मनुष्य स्वतःही इतरांच्या नजरेत असतोच. मात्र बसल्या जागी ज्याच्या-त्याच्या पोशाखावर, शरीरावर निवाडे देणारी नजर तंबूच्या दाराशीच घुटमळत असते.

संत ऑगस्टिनने आत्मकथनात मित्र अलिपियसची हकीकत सांगितली आहे. रोमच्या आखाड्यात त्याने डोळे घट्ट मिटले. पण गर्दीची आरोळी कानी पडली, डोळे उघडले आणि रक्तपात पाहण्याची चटक लागली. कानांनी डोळ्यांचा घात केला. जत्रेत सायंकाळी फिडल आणि बँजो वाजू लागले, की कान उलट काम करतात. सर्वांची तोंडे मंचाकडे वळतात, आणि मघाशी ज्याच्या टोपीला आपण हसलो, त्याचा पाय आपल्याच ठेक्यावर हलत असतो.