न दिसणाऱ्या गळतीचा हिशेब

घरातल्या सिलिंडरची नळी जरा सैल झाली तरी नाकाला लगेच कळते. हा वास गॅसचा स्वतःचा नाही. माणसे वेळीच सावध व्हावीत म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, जिथे वास मिसळलेलाच नसतो, तिथे गळती कशी कळते?" त्या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस सोडले नाही.

१९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले. तिथला तेल-वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी आग लागली आणि चार जीव गेले. आग दिसते म्हणून तिची बातमी होते. पण नैसर्गिक वायूचा मुख्य भाग असलेल्या मिथेनला ना रंग, ना वास. जगभरच्या तेल-वायू प्रकल्पांत झडपा, नळांचे जोड, कॉम्प्रेसर यांतून तो गुपचूप निसटतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरतो. मात्र हवेत तो सुमारे बारा वर्षेच टिकतो. म्हणजे आज गळती बुजवली तर तिचे फळ आपल्याच हयातीत दिसेल.

मग दोष कोणाचा? जे दिसत नाही त्याचा जाब कसा विचारायचा, असे म्हणता येईल. न कळत झालेल्या चुकीला माफी असते, हे आम्हीही मानतो. पण आता इन्फ्रारेड कॅमेऱ्याला हा वायू धुरासारखा दिसतो आणि मोठी गळती उपग्रहही टिपतात. अडवलेला वायू विकता येतो, त्यामुळे दुरुस्तीचा बराच खर्चही भरून निघतो. पाहण्याचे साधन हाती आल्यावर न पाहणे हे अज्ञान उरत नाही. ती निवड ठरते, आणि निवडीचा हिशेब द्यावा लागतो.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. नीरेच्या काठी राहणाऱ्या आम्हा शिरवळकरांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. नदी आटेल की नाही, हा तिथे प्रश्नच नाही. प्रश्न अमानतीचा आहे. रस्त्यातला काटा उचलणे हा ईमानचा भाग. मग सर्वांच्या हवेतला काटा कोणी उचलायचा?

२०२१ साली ग्लासगोत अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी घटवण्याची शपथ घेतली. भारत तीत सामील झाला नाही. भातशेती आणि गुरे यांवर जगणाऱ्या गरिबांची काळजी रास्त आहे. परंतु सैल झडप आवळल्याने कोणा शेतकऱ्याचा घास जात नाही.

बोट फक्त कंपन्यांकडे दाखवून आम्ही सुटत नाही. त्याच वायूवर आमची चूल पेटते. म्हणून विचारणे हा आमचा हक्क आहे, तसे कर्तव्यही. त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, "बेटी, जिथे नाकाला कळत नाही, तिथे शोधायला जावे लागते." शाळेच्या टाकीचा ठिबकणारा नळ आम्ही त्याच आठवड्यात बदलून घेतला.