वैराग्य की दुर्लक्ष?

पाठीवर सॅक टाकून मित्रांसोबत गोव्यात भटकताना तुम्ही कधी जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांपाशी गेला असाल. जांभ्या दगडात बांधलेला ४६ मीटर उंचीचा मनोरा, पण आज तो अर्धाच उभा आहे. फोटो काढून झाले की कुणीतरी म्हणतं, "शेवटी सगळं नश्वरच!"

वाक्य खरं आहे. पण ते म्हणून पुढे निघण्याआधी या वास्तूचा इतिहास पाहा. चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. १८३५ मध्ये सरकारी आदेशामुळे ऑगस्टीनियन साधूंना मठ सोडावा लागला. त्यानंतर सातच वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं कमानदार छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही पडला.

दोनशेहून अधिक वर्षं पाऊस तोच होता, दगडही तोच होता. मग बदललं काय? जांभा सच्छिद्र असतो. वरचा चुन्याचा गिलावा गेला की तो पाणी शोषू लागतो. गिलाव्याकडे, छपराकडे लक्ष देणारी माणसं निघून गेली होती. आपण दोष काळाला देतो, पण वास्तूला आधी गाठतं ते दुर्लक्ष.

मैत्रीचं, घरातल्या नात्यांचं, साधनेचंही असंच असतं. रोजची थोडी देखभाल थांबते आणि काही वर्षांनी आपण म्हणतो, "जाऊ द्या, कशाचाच मोह नको."

मग सगळंच धरून ठेवायचं का? याचं उत्तर त्याच मनोऱ्यातली घंटा देते. मठ ओस पडल्यावर ती तिथून हलवली गेली आणि १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. मनोरा सुटला, पण लोकांना प्रार्थनेला बोलावण्याचं तिचं काम सुटलं नाही.

वैराग्य आणि दुर्लक्ष बाहेरून सारखेच दिसतात. वैराग्यात माणूस आसक्ती सोडतो, दुर्लक्षात जबाबदारी. नोकरी, गाव, जुनी सवय सुटली तरी त्यांतलं मोलाचं काय सोबत न्यायचं, हे वैरागी माणूस जाणतो.

आज शांत बसून स्वतःला विचारा: "नश्वर आहे" असं म्हणत मी नेमकं काय पडू देतो आहे? उत्तर मिळालं, तर डागडुजी आजच सुरू करा.