कमावलेल्या विद्येचा अभिमान

ज्या विद्येत मनुष्याने बालपणापासून देह झिजवून प्रावीण्य मिळविले, ती मागे ठेवून दुसऱ्या विद्येच्या दारी नवशिक्या म्हणून उभे राहावे काय? आपल्यापैकी कित्येक कुटुंबांस हा प्रश्न परका नाही. गावची शेती वा वडिलोपार्जित कारागिरी सोडून सायली-सिल्वासाच्या कारखान्यांत आलेल्यांनी तो आपापल्यापरीने सोडविला आहे. तथापि यास निष्ठेचा भंग म्हणावे की वाढ, याविषयी घरोघरी वाद होतात. या वादाचे एक बोलके उदाहरण आम्हांस क्रीडाक्षेत्रात दिसते.

पुण्याचे कौस्तुभ राडकर हे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. पुढे ते ट्रायथलॉनकडे, म्हणजे पोहणे, सायकल चालविणे व धावणे यांच्या सलग शर्यतीकडे वळले. ‘आयर्नमॅन’ ही तिची दीर्घ शर्यत त्यांनी अनेकदा पुरी केली आणि इतरांस ती शिकविणे हाच आपला व्यवसाय केला. 2017 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातील तीन दिवसांची ‘अल्ट्रामॅन’ शर्यत त्यांनी पार केली, तेव्हा पोहण्यातील जुने राष्ट्रीय विजेते मिलिंद सोमण हेही तीत होते.

पोहण्यात मुरलेल्या मनुष्यास ही शर्यत अनुकूल असेल, असे वरवर वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. आयर्नमॅनमध्ये पोहणे 3.8 किलोमीटर, सायकल 180 किलोमीटर आणि धावणे 42.2 किलोमीटर! ज्या कलेसाठी सारे बालपण पाण्यात घालविले, तिच्या वाट्याला एकंदर अंतराचे शेकडा दोन भागही येत नाहीत. पोहणारा पुढे निघतो खरा. पण मिळविलेली ती थोडी मिनिटे पुढे रस्त्यावर हातची जातात, आणि मागून आलेले एकामागून एक त्यास ओलांडतात.

याहून सूक्ष्म अडचण देहातच असते. पाणी शरीराचा भार तोलून धरते. त्यामुळे पोहणाऱ्याचे हृदय व फुप्फुसे बळकट होतात, परंतु पायांच्या हाडांना जमिनीचे आघात सोसण्याची सवय नसते. धावताना प्रत्येक पावलास शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो. दम टिकतो म्हणून तो अधिक धावू जातो, आणि नडगीचे हाड दुखावते. जुनी सिद्धीच येथे नव्या साधकास फसविते. हे केवळ खेळापुरतेच खरे असेल, असे आम्हांस वाटत नाही. थोरल्या हुद्द्यावरून उतरून नवे काम शिकू पाहणाऱ्या गृहस्थांनी आपल्याशीच विचार करावा.

गंमत अशी, की या शर्यतीचा जन्मच अभिमानाच्या वादातून झाला. पोहणारा अधिक कणखर की धावणारा, अशी चर्चा हवाई बेटांवर रंगली. आरमारी अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी सायकलस्वारासही त्या वादात ओढले, आणि 1978 साली तिन्ही शर्यती एकत्र जोडल्या गेल्या. पंधरा जण निघाले, बारा जणांनी ती पुरी केली. वाद मात्र मिटला नाही.

आमचे मत असे की, पहिली विद्या सोडण्यात दोष नाही; पराभवाच्या भीतीने सोडण्यात आहे. जो तळ्यातील मान गमावून रस्त्यावर मागे पडणे पत्करतो, त्याने पळ काढला असे कोण म्हणेल? आणि पोटासाठी तीच विद्या शिकविली म्हणून ती हीन होते, हेही आम्हांस मान्य नाही; आपले वैद्य व गवई दक्षिणा घेतच आले.

दमणगंगेत डुंबणाऱ्या एखाद्या मुलाने उद्या सायकल मागितली, तर वडिलांनी त्यास एवढे अवश्य सांगावे, की या शर्यतीत पोहणे नेहमी आधीच असते. आपले बळ शेवटासाठी राखून ठेवण्याची सोय पोहणाऱ्यास नाही. तो क्रम त्याच्यासाठी कोणी बदलणार नाही. कारण थकलेला मनुष्य रस्त्यावर बसू शकतो, पाण्यात बसू शकत नाही.